कोणता माईक घेऊ? आधी कपाट उघडा

नाशिकच्या एका ताईंनी विचारलंय, थोडक्यात असं: वय ३८, शाळेत शिकवतात, गॅदरिंगचं सूत्रसंचालन दरवर्षी यांच्याच गळ्यात, सगळे म्हणतात आवाज छान आहे, वन बीएचके, घरात दोन मुलं आणि सासूबाई, ५० हजार बाजूला ठेवलेत. घरातूनच ऑडिओबुक वाचायचं म्हटलं तर कोणता माईक घेऊ, आणि यात खरंच पैसे मिळतात का?

ताई, मी डोंबिवलीची. आधी बँकेत होते, आता नऊएक वर्षं घरातूनच वाचतेय, सत्तरेक पुस्तकं झाली असतील, मोजायचं सोडलंय. माईकचं सांगते पण मुद्दाम मागे ठेवते, कारण माईक आधी घेतला की माणूस चुकीच्या गोष्टीवर खुश होऊन बसतो. मीपण बसले होते.

आधी ते "आवाज छान आहे" बघू. असेलच, शंका नाही. पण सूत्रसंचालन म्हणजे दोन मिनिटं बोला, दहा मिनिटं विंगेत उभे राहा, परत दोन मिनिटं बोला. पुस्तक म्हणजे आठ तास. माझा वेग तासाला साधारण साडेसहा हजार शब्द पडतो, म्हणजे ५० हजार शब्दांचं पुस्तक पावणेआठ तासांच्या आसपास जातं, आणि ते पावणेआठ तास तुम्ही बारा-पंधरा दिवसांत तुकड्यातुकड्याने वाचणार, मधे तुम्हाला सर्दी होणार, पालकसभेत भांडण होणार, दिवाळीचा फराळ खाऊन घसा बसणार. ऐकणारा मात्र पहिलं आणि विसावं प्रकरण एकाच दिवशी, पुणे-नागपूर गाडीत बसून ऐकतो. त्याला वाचणारी बाई मधेच बदलली असं वाटता कामा नये. या कामात विकलं जातं ते हे, सारखेपणा. गोड आवाजाची माणसं मी खूप बघितली जी चौथ्या प्रकरणात दमली.

म्हणून पैसे खर्च करायच्या आधी एक करा. घरातलं एखादं जाडसर पुस्तक घ्या, आवडतं नको, मध्यम कंटाळवाणं घ्या, आणि रोज एक तास मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्ड करा, सलग दहा दिवस. खाडा नाही. अकराव्या दिवशी पहिल्या दिवसाचं पहिलं मिनिट आणि दहाव्या दिवसाचं पंचावन्नावं मिनिट लागोपाठ लावून ऐका. फार लाज वाटेल. मला वाटली होती, पहिल्या दिवशी मी आकाशवाणीवर बातम्या देत होते आणि दहाव्या दिवशी किराणा यादी वाचत होते. पण दहा दिवसांनंतरही अकराव्या दिवशी वाचावंसं वाटलं तर पुढचं वाचा, नाहीतर ते ५० हजार मुलांच्या नावे टाकून द्या, खरंच.

तुमच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे जी बाकीच्यांना नसते, तुम्ही शिक्षिका आहात. सहा तास वर्गात ओरडून आलेला घसा संध्याकाळी माईकसमोर न्यायचा म्हणजे वापरलेली चहापावडर परत उकळण्यासारखं आहे. रंग येतो, चव नाही. त्यामुळे तुमची वेळ पहाटेचीच. पण उठल्याउठल्या आवाज जड आणि खालचा असतो, अर्धा तास तरी तो मोकळा व्हायला लागतो, गरम पाणी, तोंड मिटून हं-हं करत खालून वर जायचं, मग एक पान जोरात वाचायचं जे रेकॉर्ड करायचंच नाही. आणि मग रोज तीच वेळ. आज पहाटे पाच आणि उद्या रात्री अकरा असं केलं तर एकाच पुस्तकात दोन बायका ऐकू येतात.

आता खोली. घर वन बीएचके असलं तरी चालतं, मी तर साडेचार फूट बाय तीन फुटात बसते. बेडरूममधलं भिंतीतलं कपाट, आतल्या दोन फळ्या काढल्या, मागे आणि बाजूला साड्या तशाच लटकत ठेवल्या (सुती आणि जाड असतील तेवढ्या बऱ्या, नायलॉनच्या काही कामाच्या नाहीत), दाराच्या जागी दोन गोधड्या, डोक्यावर जुनी कापसाची गादी अर्धी कापून. खाली सतरंजी. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावू नका, ते फोटोत दिसायला बरे असतात, आवाज शोषत बिषत काही नाहीत, आणि झुरळं होतात ते वेगळंच. आवाज शोषायला जाडी लागते, वजन लागतं. आजीच्या हातची गोधडी हा जगातला उत्तम स्टुडिओ-माल आहे आणि तो तुमच्याकडे फुकट आहे.

मात्र दोन गोष्टींची गल्लत करू नका. गोधड्यांनी खोलीचा घुमणारा आवाज जातो. बाहेरचा आवाज आत यायचा थांबत नाही. त्याला विटांची भिंत लागते, किंवा वेळ निवडावी लागते, आणि आपल्या हातात फक्त वेळ आहे. एक आठवडा वही घेऊन बसा आणि लिहा, कुठल्या वेळी काय वाजतं. पाण्याची मोटर, लिफ्ट, शेजारचा कुकर, घंटागाडी, वरच्यांची मुलगी सकाळी रियाज करते ती, समोरचं रीडेव्हलपमेंट. माझ्याकडे रेल्वे आहे. लोकल रात्री थोडा वेळ थांबतात पण मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्या थांबत नाहीत, आणि मालगाडीचा आवाज कानाला ऐकूच येत नाही, तो जमिनीतून स्टँडमधून माईकमध्ये चढतो, स्क्रीनवर आवाजाची रेघ जाड झालेली दिसते तेव्हा कळतं. स्टँडखाली चार घड्या घातलेलं ब्लँकेट ठेवलं आणि सॉफ्टवेअरमध्ये ८० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे अगदी खर्जातलं, सगळं कापलं की बराचसा जातो. पण कोकीळ जात नाही. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. मार्च-एप्रिलपासून पार पावसाळ्यापर्यंत तो उजाडायच्या आधीच सुरू होतो आणि त्याचा सूर नेमका माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यातच असतो, कापायला गेलात तर तुमचाच आवाज कापला जाईल. म्हणजे तुम्ही मनात जे धरलं असेल की मे महिन्याच्या सुट्टीत निवांत वाचू, ते विसरा, पहाटे कोकीळ आणि दुपारी पंखा. गोधड्यांच्या कपाटात मे महिन्यात पंख्याशिवाय बसून बघा एकदा. मी टॉवेल मांडीवर ठेवून वीस-वीस मिनिटांनी बाहेर येते. पावसाळ्यात पत्रा आणि बेडूक, गणपतीच्या आधी महिनाभर ढोलपथकाची प्रॅक्टिस. घरातून वाचणाऱ्यांचा खरा सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी, फटाके संपल्यापासून. पुस्तक स्वीकारताना कॅलेंडर बघूनच तारीख द्यायची.

घरातला फ्रिज आणि इन्व्हर्टर हे आतले शत्रू. फ्रिज बंद करून बसत असाल तर गाडीची किल्ली किंवा पर्स फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना परत चालू करायची आठवण राहील, नाहीतर एक दिवस दूध नासतं आणि सासूबाई तुमचं करिअर काढतात. लॅपटॉप चार्जरला लावलेला असताना बारीक घूं ऐकू येत असेल तर घरातल्या अर्थिंगची भानगड असते, चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा, बहुतेक वेळा तिथल्या तिथे जातं. फोन फ्लाइट मोडवर, आणि खोलीच्या बाहेर.

बसायची जागा ठरली की तिला खुणा करा. मी बांगड्या काढते, सुती कुर्ता, जेवून तासभर झालेला (पोट रिकामं असलं की ते बोलतं आणि माईक ते ऐकतो), खुर्ची न कुरकुरणारी लाकडी. माईकपासून तोंडाचं अंतर एक वीत, रोज वीत ठेवून मोजते, अंगठा जाळीला आणि करंगळी ओठाला. माईक नाकासमोर नाही, थोडा बाजूला, म्हणजे प-फ-भ चे फटके बसत नाहीत. जमिनीवर खुर्चीच्या पायांना चिकटपट्टीच्या खुणा. हे वेड्यासारखं वाटेल पण आठ दिवसांनी एक वाक्य चुकलंय म्हणून परत वाचायची वेळ येते ना, तेव्हा ते एक वाक्य जुन्या वाक्यांच्या मधे बेमालूम बसलं पाहिजे. दोन इंच पुढे बसलात तर ते ठिगळासारखं दिसतं, म्हणजे ऐकू येतं.

बरं, आता माईक. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० किंवा रोडचा एनटी१ (दोन्ही कंडेन्सर जातीचे, म्हणजे बारीकसारीकही ऐकणारे), सोबत फोकसराइट स्कारलेट सोलोसारखा साधा इंटरफेस, म्हणजे माईक लॅपटॉपला जोडायचा डबा, पूर्ण कान झाकणारा हेडफोन, स्टँड, पॉप फिल्टर (तोंडाच्या हवेचा फटका अडवणारी जाळी), हे सगळं ५० हजारांत बसून थोडे उरतील. एनटी१ ची स्वतःची बारीक सरसर ४ डेसिबल आणि एटी२०२० ची २० असं कंपन्याच देतात, त्यावरून लोक हमरीतुमरीवर येतात, पण तुमच्या वन बीएचकेचा रात्रीचा शांत आवाजच वीसच्या वर असणार आहे, त्यामुळे फरक कळेल तो कपाट चांगलं झाल्यावर. मी पहिली तीन वर्षं एटी२०२० वरच काढली. आणि "डायनॅमिक माईक घे, बाहेरचं येत नाही" असं कुणी सांगेल, ते अर्धंच खरं. तो स्टेजवर हातात धरतात त्या जातीचा, कमी ऐकतो म्हणून तुम्ही गेन, म्हणजे इंटरफेसवरून माईकचा आवाज, वाढवता आणि गेन वाढवला की बाहेरचंही वाढतं. कंडेन्सर माईकला ४८ व्होल्टचं बटण दाबावं लागतं इंटरफेसवर, पहिल्या दिवशी आवाजच येत नाही म्हणून दुकानदाराला फोन करू नका.

सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, फुकट आहे आणि पुरतं. त्यात पंच अँड रोल म्हणून सोय आहे, शिफ्ट-डी, ती पहिल्याच दिवशी शिका. म्हणजे चुकलं की थांबायचं, चुकीच्या आधी कर्सर ठेवायचा, ते तुमचंच मागचं वाक्य तुम्हाला ऐकवतं आणि तुम्ही त्याच सुरात पुढे पकडता. सुरुवातीला हात आणि तोंड एकत्र चालत नाहीत, आठवडाभरात चालायला लागतात. ज्यांना जमतच नाही ते चुकलं की टाळी वाजवतात, नंतर रेघेत टाळीचा सुळका दिसतो तिथे कापतात. चालतं पण एडिटिंग दुप्पट होतं.

रेकॉर्ड दाबायच्या आधी माईकच्या जाळीवर नखाने हलकं खाजवा आणि स्क्रीनवर रेघ हलते का बघा. हे मी का सांगतेय तर एकदा इनपुट बदललेलं माझ्या लक्षात आलं नाही आणि मी अख्खी दोन प्रकरणं, इतकी मन लावून, लॅपटॉपच्या माईकवर वाचली. समोर महागडा माईक, एक वीत अंतर, पॉप फिल्टर, सगळा थाट. दोन्ही प्रकरणं परत.

आकडे हवे असतात सगळ्यांना म्हणून देते. ऑडिबल या ऑडिओबुकवाल्या कंपनीचं जे एसीएक्स आहे, पुस्तकवाले आणि वाचणारे जिथे एकमेकांना गाठतात, ते भारतात राहणाऱ्यांसाठी खुलं नाही, अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड इतकंच, पण त्यांचं मोजमाप सरावाला उत्तम: सरासरी आवाज उणे २३ ते उणे १८ डेसिबल (शून्य म्हणजे आवाज फाटायची हद्द, हे आकडे त्याच्या खालचे), सगळ्यात मोठं शिखर उणे ३ च्या खाली, आणि तुम्ही गप्प असताना खोलीचा आवाज उणे ६० च्या खाली. तिसरा आकडा जमला की बाकी दोन सॉफ्टवेअर करून देतं. तो नाही जमला तर नॉइज रिडक्शनच्या, म्हणजे सॉफ्टवेअरने खरखर पुसायच्या, नादी लागून आवाज पाण्याखालून आल्यासारखा करू नका, कपाटात अजून एक गोधडी टाका. इथले प्लॅटफॉर्म आणि स्टुडिओ आपापला कागद देतात, तो वाचा आणि तसंच करा, डोकं चालवू नका.

आता वाचन, ज्यावर कुणी प्रश्नच विचारत नाही.

पुस्तक आधी पूर्ण वाचा. पूर्ण म्हणजे शेवटच्या पानापर्यंत. माझ्या दुसऱ्याच पुस्तकात एक मामा होते, भारदस्त, जमीनदार, मी त्यांना असा खर्जातला घोगरा आवाज दिला, फार आवडला होता मला तो. नवव्या प्रकरणात लेखकाने लिहिलं की एवढा मोठा देह आणि आवाज मात्र पहिल्यापासून पोरीसारखा बारीक, म्हणून गावातली पोरं त्यांच्या माघारी नक्कल करायची. झालं. आठ प्रकरणांतले मामांचे सगळे संवाद शोधून परत वाचले. तेव्हापासून प्रत्येक पात्राचं एक वाक्य वेगळ्या फाइलमध्ये रेकॉर्ड करून ठेवते, आक्का, मामा, पोस्टमन, अशी नावं देऊन, आणि पात्र चार दिवसांनी परत आलं की आधी ती फाइल ऐकते.

वाचताना अवघड शब्दांची यादी काढा, गावांची नावं, आडनावं, आणि लेखक हयात असेल तर सरळ फोन करून विचारा, लेखकांना आवडतं. मराठीत छापलेलं तसंच वाचलं की झालं असं नाहीये. चार माणसं मधला च चहातला, जनावरांचा चारा मधला च चाकातला, छपाईत दोन्ही एकच. "जरा थांब" मधला ज जाळ्यातला आणि जरा-मरण मधला जन्मातला. "सारं जग फिरलो" आणि "कसाबसा जगलो" यातले ज वेगळे. तुम्ही मराठी शाळेत शिकलेल्या, तुम्हाला हे जमतंच, पण दमल्यावर चुकतं, आणि ऐकणारे काका-काकू हे माफ करत नाहीत. अनुस्वार तर हिंदी ऐकून ऐकून सगळ्यांचेच बिघडलेत, सिंह हा सिंव्ह आहे, सिन्ह नाही, संवाद संव्वाद, संयम संय्यम, संशय संव्शय. ज्ञान द्न्यान, ग्यान नाही. आकडे तर हमखास अडखळतात, ५९, ६९, ७९, ८९ हे मी पानावर अक्षरांत लिहून ठेवते, नाहीतर एकोणऐंशीच्या जागी एकोणनव्वद जातं आणि इतिहासाच्या पुस्तकात माणूस मेल्यावर दहा वर्षांनी लढाई करतो.

छापलंय "त्याने सांगितले" आणि तुम्ही वाचलं "त्यानं सांगितलं", चालेल का? निवेदनात छापलंय ते, संवादात बोलायचं ते, असा माझा नियम, पण पहिल्या दोन पानांचा नमुना वाचून देणाऱ्याला आधी विचारते. सबंध पुस्तकात एकच धोरण पाहिजे. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी येत नसेल तर नाटकी नक्कल करू नका. त्या भागातल्या माणसाकडून ती वाक्यं फोनवर बोलवून घ्या आणि लय पकडा, शब्दांवर जोर देऊन विनोदी केलं की त्या भागातले लोक दुखावतात, बरोबरच आहे त्यांचं.

आणि नाटकात काम केलेल्यांचा, सूत्रसंचालन करणाऱ्यांचाही, एक दोष असतो, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय. इथे शेवटची रांग नाहीच. ऐकणाऱ्याच्या कानात इअरबड्स आहेत, तुम्ही त्याच्या कानापासून एका वितीच्या अंतरावर आहात. समजा वाक्य आहे: "आक्का ओसरीवर तांदूळ निवडत होत्या, तेवढ्यात बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला आणि त्यांच्या हातातलं सूप तसंच राहिलं." नवीन वाचणारा "जीप" वर आवाज चढवतो, काहीतरी घडतंय म्हणून. ते नको. आक्कांना अजून माहीत नाही जीपमध्ये कोण आहे, तर वाचणारीलाही माहीत नसलं पाहिजे. तांदूळ निवडण्याच्या संथपणात "निवडत होत्या" पर्यंत या, स्वल्पविरामावर श्वास घेऊ नका, कारण "तेवढ्यात" ला श्वास घेऊन पोचलात तर ते तेवढ्यात राहत नाही. सरळ "आवाज आला" पर्यंत जा. तिथे थांबा, छोटंसं, अर्ध्या सेकंदाचं. मग "आणि त्यांच्या हातातलं सूप तसंच राहिलं" हे पहिल्या भागापेक्षा हळू आवाजात, जवळून. दु:ख, भीती काही घालायची गरज नाही, सुपाने काम केलेलं आहे. हे एका वाक्याचं झालं, अशी पुस्तकात पाच हजार असतात, आणि सगळ्यांत इतकं ठरवत बसलात तर कधीच संपणार नाही, म्हणून सराव लागतो, दहा दिवसांचा तो प्रयोग त्याचसाठी.

तोंडातले चटचट आवाज येतात त्यावर हिरवं आंबट सफरचंद खरंच काम करतं, दुधाचा चहा आणि दही त्या दिवशी नको. एका वेळी दोन तासांच्या वर वाचू नका. घसा दुखायला लागला की थांबायचं, कुजबुजत पूर्ण करायचं नाही, कुजबुजण्याने जास्त ताण येतो.

वेळेचा हिशोब ऐका म्हणजे पैशाचा कळेल. तयार एका तासासाठी, म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानात जाणाऱ्या एका तासासाठी, मला आता कपाटात पावणेदोन-दोन तास, एडिटिंगला दोन, आणि शेवटी पुस्तक समोर धरून सगळं ऐकायला एक-सव्वा तास लागतो, म्हणजे पाच. सुरुवातीला आठ लागायचे. मोबदला बहुतेक ठिकाणी तयार तासावर ठरतो, कपाटातल्या तासावर नाही. तर कुणी तयार तासाचा आकडा सांगितला की त्याला आठने भागा आणि मग ठरवा, ट्यूशनपेक्षा बरं आहे का. पहिलं वर्ष बहुधा नसतं, स्पष्टच सांगते. नोकरी सोडण्याचा विचार दोन वर्षं करू नका. एडिटिंग करूनच द्यायचंय की नुसतं कच्चं, हेही आधी विचारा, त्यात निम्मा फरक पडतो. शेवटचं ऐकणं शक्यतो दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, आपली चूक आपल्या कानाला दिसत नाही, डोळा पुस्तकातलं वाचत असतो आणि कान तेच ऐकल्याचं सांगतो. माझं सासरे करायचे, पेन घेऊन बसायचे आणि एकही "च" सोडायचे नाहीत.

काम कुठे? स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप २०१७ च्या शेवटी भारतात आलं तेव्हा हिंदी-इंग्रजीसोबत मराठी पहिल्यापासून होतं, तिथून मराठीत हा धंदा म्हणून उभा राहिला. कुकू एफएम, पॉकेट एफएमसारख्या ॲपवर मालिकांसारखं भागाभागांचं काम असतं, त्याचा वेग आणि ढंग वेगळा, भडक वाचावं लागतं, मला जमत नाही पण त्यावर घर चालवणारे आहेत. बरंच काम मधल्या स्टुडिओंमार्फत येतं, आणि पुण्या-मुंबईतले काही जण अजूनही त्यांच्याच स्टुडिओत या म्हणतात. तुम्ही तीन नमुने तयार ठेवा, दोन-दोन मिनिटांचे, एक निवेदन, एक दोन-तीन पात्रांचा संवाद, एक माहितीपर. मागे संगीत नको, तुमची खोली त्यांना ऐकायची असते. नमुन्यासाठी पान निवडताना हक्कांचं बघा. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात, साने गुरुजी १९५० ला गेले म्हणून त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन २०११ पासून मोकळं आहे, त्यातलं काहीही घ्या. मूळ लेखन मोकळं असलं तरी त्याचा कालपरवा झालेला अनुवाद मोकळा नसतो, हे लक्षात ठेवा. आणि आवडत्या हयात लेखकाची अख्खी कादंबरी वाचून यूट्यूबवर टाकायची नाही, नाव झाकून टाकली तरी ती चोरीच.

अजून एक दार आहे जे मला स्वतःला फार उपयोगी पडलं. अंध वाचकांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्या संस्था, नॅबसारख्या (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड), वाचणारे स्वयंसेवक घेतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात अपंगांसाठी अशा प्रती करायला सूट आहे, आणि २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय नावाचं ऑनलाइन ग्रंथालयही आहे. पैसे नाहीत. पण मी तिथे स्पर्धा परीक्षेचं भूगोलाचं पुस्तक वाचलं, तक्ते आणि तळटीपा सकट, आणि एका मुलाने सांगितलं की मॅडम तुम्ही तक्त्यात आडवं वाचता, उभं वाचा, मला कॉलम लक्षात ठेवावा लागतो. इतका नेमका श्रोता तुम्हाला कुठलाही ॲपवाला देणार नाही.

करारावर सही करताना घाई नको. एक, "नमुना म्हणून एक प्रकरण वाचून द्या" असं म्हणणाऱ्याला पाच मिनिटंच द्यायची. मला एका ठिकाणी असंच पूर्ण प्रकरण मागितलं, मी दिलं, नंतर कळलं पंधरा जणांकडून पंधरा प्रकरणं घेतली होती. नाव घेत नाही, आता ते बंदही झालंय. दोन, आपली चूक असेल ते वाक्य आपण फुकट परत वाचायचं, पण मजकूर त्यांनी बदलला तर त्याचे पैसे, हे लिहून घ्या. तीन, आणि हे आता सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या रेकॉर्डिंगवरून संगणकाला आवाज शिकवायचा नाही, असं वाक्य करारात घालून मागा. "ज्ञात आणि भविष्यातील सर्व तंत्रज्ञानासह" अशी मोघम ओळ असते तिथेच हे दडलेलं असतं. काही जण नाही म्हणतील. पहिलं काम हातचं जाईल म्हणून सही करायचा मोह होईल, पण मी दोन कामं यावरून सोडली आहेत. टीडीएस कापून पैसे येतात, बहुधा १० टक्के, तो रिटर्न भरताना धरायला विसरू नका, नोकरीच्या फॉर्म १६ मध्ये तो दिसत नाही.

तर ताई, पैसे तूर्त बँकेतच राहू द्या. आज रात्री मुलं झोपल्यावर कपाटात साड्यांच्या मधे फोन घेऊन बसा, दार ओढून घ्या, आणि एक अक्षर न बोलता दोन मिनिटं रेकॉर्ड करा. मग हेडफोनवर आवाज पूर्ण वाढवून ऐका आणि काय काय ऐकू आलं त्याची यादी मला पाठवा. माझ्या पहिल्या यादीत भिंतीवरचं घड्याळ होतं, जे दोन खोल्या पलीकडे आहे.